पांढरीतले घर

देवळ्याच्या जुन्या गावठाणात एखादे घर विकायला निघाले की ती बातमी घरधन्याच्या तोंडून बाहेर पडण्याआधीच गल्लीला कळलेली असते. परका माणूस दाराशी उभा राहून भिंतीकडे पाहू लागला म्हणजे समोरच्या ओट्यावरची म्हातारी त्याला किंमत विचारीत नाही. ती विचारते, "हाई घर कोनं शे?" हे घर कोणाचे, हा तिचा प्रश्न. घेणाऱ्याला वाटते, विकणारा समोर उभा आहे, घरपट्टीची पावती त्याच्या नावची आहे, मग प्रश्न उरतो कुठे? आमच्या मते घराच्या खरेदीविक्रीचा सगळा इतिहास त्या म्हातारीच्या प्रश्नात आहे. आणि आज आम्हांला तोच श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

विंचूर-प्रकाशा रस्त्यावरचे हे गाव १९९९ पर्यंत कळवण तालुक्यात होते. त्या वर्षी देवळा स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले, पुढे नगरपंचायत आली. पूर्वी बाजारापुरती आणि लग्नाच्या बस्त्यापुरती माणसे येथे यायची. आता कचेरीत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करणारी माणसे राहायला येऊ लागली. कांद्याचे आणि डाळिंबाचे चार पैसे ज्यांच्या हाती खेळले त्यांनी ते रस्त्यालगतच्या प्लॉटात घातले. उलट, गावठाणातला शेतकरी मळ्यात बंगला बांधून तिकडे गेला, त्याचा मुलगा नाशिकला गेला, आणि जुन्या घराला कुलूप लागले. असे कुलूप लागलेले घर हीच आमच्या विषयाची मुख्य वस्तू होय.

आपल्या या बागलाण-खानदेशाकडच्या मुलखात जुने घर धाब्याचे. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि घराचे माप खणांनी सांगत. चार खणांचे घर, सहा खणांचे घर. चौरस फुटाची भाषा फार अलीकडची. हा केवळ शब्दांचा फरक नव्हे. खणांनी मोजायचे म्हणजे लाकडाचा सांगाडा मोजायचा, जागा मोजायची नव्हे. घर सोडून जाणारे कुटुंब चौकटी, खांब, तुळया गाडीवर घालून नेई किंवा विकून टाकी. माती तेवढी मागे राही. त्या मातीवर हक्क कोणाचा, याचे उत्तर माणसागणिक बदले. मिरासदाराला घरठाणाचा हक्क त्याच्या मिराशीबरोबर चालत आलेला असे. उपऱ्याला मात्र गावाने बसू दिले म्हणून तो बसे. त्याने विकायचे म्हटले तरी लाकूडफाट्यापलीकडे विकण्यासारखे त्याच्यापाशी फारसे नसे.

ही समजूत इंग्रजी कायद्यातही कशी उतरली होती ते पाहण्यासारखे आहे. १८८२ च्या दिवाणी व्यवहार संहितेने सावकाराच्या हुकूमनाम्यातून शेतकऱ्याची जी चीजवस्तू वगळली, तीत त्याच्या राहत्या घराचे 'सामान' होते. म्हणजे लाकूड, दगड, कौल. १९०८ ची संहिता आली तेव्हा साठाव्या कलमात घर, त्याचे सामान, त्याखालची जागा आणि लगतची आवश्यक जमीन असा सारा उल्लेख आला. सव्वीस वर्षांत घराखालच्या जमिनीला कायद्याच्या लेखी स्वतंत्र किंमत आली, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

शेताचे तसे नव्हते. आपले पूर्वज शिवाराला काळी म्हणत आणि वस्तीला पांढरी. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पाहणी सुरू झाली, तिला काळीशी काम होते. काळीतून सारा मिळतो. म्हणून प्रत्येक शेताला नंबर मिळाला, बांधाला दगड मिळाला, खातेदाराला खाते मिळाले. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि पुढे सातबाराचा उतारा शेतकऱ्याच्या घरोघरी गेला. पांढरीतून सारा मिळत नव्हता, म्हणून ती नकाशावर एक मोकळा ठिपका होऊन राहिली. मोठ्या गावांच्या आणि शहरांच्या घरजागांची मोजणी करण्याची तरतूद १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात होती, तशी १९६६ च्या संहितेतही आहे. पण हजारो लहान गावठाणे त्याबाहेर राहिली. ज्याच्या शेताचा प्रत्येक गुंठा सरकारदप्तरी आहे, त्याच्याच घराला ग्रामपंचायतीच्या नमुना आठखेरीज कागद नाही, ही आपल्या खेड्यांतील मोठीच विसंगती होय. नमुना आठ म्हणजे कर कोणाकडून घ्यावा याची यादी. ती मालकीचा पुरावा नव्हे असे न्यायालयांनी वारंवार सांगितले, तरी पारावर अजून ती उताऱ्याच्या ऐटीत दाखवली जाते.

मग नकाशा नसताना घर विकले कसे जाई? चतुःसीमेने. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस तमक्याची पडवी, उत्तरेस बोळ. अशा लेखात घराची हद्द भूमीवर नसते, शेजाऱ्यांच्या नावांत असते. शेजारी मेला, त्याची घरे वाटली गेली, म्हणजे चतुःसीमा जुनी होते. आणि मग कागद वाचायला पुन्हा गल्लीतलीच माणसे लागतात. म्हणूनच जुन्या व्यवहारात पंच आणि साक्षीदार हे शोभेचे नव्हते, तेच त्या काळचे दप्तर होते. सामाईक भिंतीत तुळई कोणी घालायची, धाब्याचे पाणी कोणाच्या अंगणात पडायचे, बैल कोणत्या बोळातून न्यायचे, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला आणि वीस वर्षांच्या वहिवाटीला कायद्याचे बळ आले. तरी वीस वर्षे झाली हे सांगायला पुन्हा ओट्यावरची म्हातारीच लागे.

१८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्ताशिवाय होत नाही असे ठरवले. कागद आला, आणि कागदाबरोबर कागदाची फसवणूकही आली. सावकार कर्ज देई, पण गहाणखत लिहून न घेता खरेदीखतच लिहून घेई. पैसे फेडलेस की घर परत, हे तोंडी. मे १८७५ मध्ये सुप्याला सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर का होता, हे यावरून समजते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याचा अंमल १९०५ साली सबंध इलाख्यावर झाला. त्यातील पुढच्या दुरुस्तीने 'खरेदी' म्हणून लिहिलेला कागद वस्तुतः गहाण आहे काय, हे तोंडी पुराव्याने तपासण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. लेखी दस्तापुढे तोंडी बोलण्याला मान देणारा हा कायदा पुष्कळ कायदेपंडितांना रुचला नाही. आम्हांला मात्र तो आपल्या समाजाची ओळख असणाऱ्या माणसाने केलेला वाटतो.

एका गोष्टीची येथे वाच्यता केली पाहिजे. कोणाला घर विकावे याची मोकळीक कायद्याने दिली तरी आळीने ती दिलेली नव्हती. पांढरी जातवार वसलेली होती, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाजवळ पैसे असले तरी गावकुसाच्या आत त्याला घर मिळत नव्हते. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉक्टर आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळाली नाही, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा तेथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणे हा गुन्हा ठरवला. तरी "घर आधीच दुसऱ्याला बोललो आहे" या पाच शब्दांवर कोणता फौजदार गुन्हा नोंदवणार? नव्या कॉलन्यांनी ही कोंडी थोडी फोडली. प्लॉट पाडणाऱ्याला गिऱ्हाईक हवे असते. पण तेथेही काही ठिकाणी चौकशी आडनावापासूनच सुरू होते, हे आपण नाकारू नये.

आता त्या म्हातारीच्या प्रश्नाकडे परत येऊ. गावठाणातले घर सहसा एकट्याचे नसते. आजोबांनी बांधलेले, तीन भावांत तोंडी वाटलेले, नोंद मात्र थोरल्याच्या नावे. असे अविभक्त घर परक्याने एका भावाकडून घेतले, तर त्याला घरात सामाईक ताबा मागता येत नाही; मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे चव्वेचाळीसावे कलम तसे सांगते. त्याने वाटपाचा दावा केलाच तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे कुटुंबातल्या कोणालाही रास्त किंमत देऊन त्याचा हिस्सा परत घेता येतो. म्हणजे परका माणूस माजघरात येऊ नये याची काळजी कायद्याने केव्हाच घेतली.

बहिणीची काळजी घ्यायला मात्र फार वेळ लागला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारस केले. पण त्यातील तेविसाव्या कलमाने राहत्या घराचे वाटप मागण्याचा हक्क तिला दिला नाही. भावांनी वाटायचे ठरवले तर तिला वाटा. तोवर अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तर राहायला जागा. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला जन्मतःच सहदायाद केले, पण त्या कायद्यापूर्वी जिचे लग्न झाले ती वगळली गेली. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तेविसावे कलमच काढून टाकले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात सांगितले की, हा हक्क जन्माचा आहे. २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही.

याचा परिणाम देवळ्यासारख्या गावात कसा दिसतो? इसार दिला जातो, साठेखत होते, वकील कागद पाहतो आणि म्हणतो, बहिणींच्या सह्या आणा. एक मालेगावला, एक सटाण्याला दिलेली. दिवाळीला, राखीला त्या येतात तेव्हा हक्कसोडपत्राचा कागद ताटाशेजारी ठेवला जातो. साडीचोळी होते. सही केली नाही तर माहेर तुटते, केली तर वाटा जातो. पुष्कळजणी सही करतात, आणि त्याला आपण माया म्हणतो. एखादी म्हणते, "दादा, मला पैसा नको, पण न विचारता विकले कसे?" तिच्या या वाक्याने व्यवहार अडतो, घेणाऱ्याचा इसार अडकतो, आणि गल्ली तिला लोभी ठरवते. आम्हांला त्यात लोभ दिसत नाही. ज्या घरात तिचे नाव कधी लिहिले गेले नाही, त्या घरावर तिचे नाव पहिल्यांदा लागते ते घर हातचे जाताना. आणि विशेष हे की, १ एप्रिल २०२१ पासून घर स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत मिळते; तेव्हा सवलतीसाठी बायकोचे नाव पुढे करणारा तोच गृहस्थ बहिणीच्या सहीसाठी गाडी पाठवतो.

रस्त्याकडच्या प्लॉटांविषयी थोडक्यात सांगतो. तेथे भाऊबंदकी कमी, पण तुकडेबंदी आडवी येते. १९४७ च्या कायद्याचा हेतू शेतीचे तुकडे पडू नयेत हा. पण घरासाठी लागतात एकदोन गुंठे, म्हणजे हजार-दोन हजार चौरस फूट. बिनशेती करून रीतसर प्लॉट पाडण्याऐवजी कित्येकांनी साध्या मुद्रांकावर गुंठे विकले. जुलै २०२१ च्या परिपत्रकाने अशा दस्तांची नोंदणी अडवली, मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले, आणि २०२५ साली सरकारने जुने तुकडे नियमित करण्याचा निर्णय घेतला. मध्यंतरी ज्यांनी जन्माची पुंजी घालून पत्र्याच्या खोल्या बांधल्या त्यांना रात्री झोप कशी लागली असेल, हे त्यांनाच ठाऊक.

शेवटी पांढरीच्या मोजणीची गोष्ट. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व या नावाने ती योजना सुरू झाली. देवळा स्वतः आता नगरपंचायत आहे. पण ही योजना खेड्यांच्या गावठाणांसाठी आहे. ड्रोन उडवण्याच्या आधी घरोघर चुन्याने हद्द आखायची असते. आकाशातून दिसते ती चुन्याची रेघ. ती कोणी आखली हे दिसत नाही. मोजणीदार येतात त्या दिवशी जो गावात हजर असेल तो फक्की टाकतो. शेजारी कबूल असला तर रेघ राहते, नसला तर चौकशी लागते. मालमत्ता पत्रकावर नाव चढते ते त्यानंतर. नाशिकला राहणारा भाऊ त्या दिवशी येतोच असे नाही. सटाण्याची बहीण तर नाहीच. तिला कोणी कळवलेलेच नसते.