एक्झॉस्ट ब्रेक आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची झीज

डिझेल इंजिनाचा जोर इंधनाच्या मात्रेवर ठरतो, हवा रोखून नव्हे. म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी पेट्रोल इंजिनासारखा अवरोध मिळत नाही. एक्झॉस्ट ब्रेक ही उणीव भरून काढतो. तो धुराची वाट आवळतो, कोंडलेल्या वायूविरुद्ध दट्ट्यांना झगडावे लागते आणि इंजिन गाडीला मागे खेचू लागते.

अनमोड घाट उतरणाऱ्या मालट्रकांत बहुधा हाताने बदलायचे गिअर असतात. तेथे हा अवरोध क्लचमधून थेट चाकांपर्यंत जातो. अमेरिकेत जड ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपमध्ये मात्र ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो आणि इंजिन व गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल येते. त्यातला लॉकअप क्लच घट्ट धरलेला नसेल, तर अवरोधाचा बराचसा भाग तेल घुसळण्यातच खर्ची पडतो; अर्धवट धरलेला असेल, तर तो घसरून झिजतो. दोन्हीकडे तेल तापते. दोष ब्रेकच्या माथी मारला जातो, झीज होते ती घसरणीने.

डॉज रॅमच्या जुन्या ४७आरई गिअरबॉक्सचे दुखणे हेच होते: पाय काढताच तेलाचा दाब उतरे, लॉकअप सुटे. त्यावर नुसता ब्रेक बसवणे म्हणजे गिअरबॉक्सच्या मुळावर येणे. आधी दाब वाढवावा लागे, लॉकअप टिकवावे लागे. २००७ मध्ये आलेल्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनात टर्बोचीच यंत्रणा ब्रेकचे काम करते आणि लॉकअप संगणक सांभाळतो.

तेल काळवंडले, त्याला करपट वास आला, की क्लच तपासून घ्यावा.