तुंगभद्रा : सीमा आणि संगम

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या तुंगा व भद्रा या नद्या शिमोगा जिल्ह्यातील कूडली येथे एक होतात आणि तेथून तुंगभद्रा हे नाव सुरू होते. जिच्या नावातच संगम आहे, तिच्याकडे राज्ये विभागण्याचे काम वारंवार यावे, हे विचार करण्याजोगे आहे.

नदी ही निसर्गसिद्ध सीमा होय, असे सामान्यतः मानले जाते. तुंगभद्रेचा इतिहास मात्र निराळे सांगतो. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता तिच्या दोन्ही तीरांवर होती. पहिल्या सोमेश्वराने ज्वरग्रस्त अवस्थेत इ. स. १०६८ मध्ये कुरुवत्ती येथे तिच्या प्रवाहात देह विसर्जिला, तेव्हा ती राज्याची कड नव्हे, तर राज्यातील तीर्थ होती. पुढे विजयनगर व बहामनी राज्य यांच्यात कृष्णा-तुंगभद्रांमधील रायचूर दुआबासाठी पिढ्यान्‌पिढ्या युद्धे झाली.

एप्रिल १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजी तुकडीच्या साह्याने धारवाडचा किल्ला टिपूच्या सैन्याकडून घेतला. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने मराठी राज्याची हद्द पुनश्च तुंगभद्रेस भिडली. तह करणारांस नदी सोयीची असते. तेथे हद्दीचे दगड रोवावे लागत नाहीत. परंतु पावसाळ्यात दुथडी भरून सैन्ये अडविणारी हीच नदी उन्हाळ्यात उतारावरून ओलांडता येई. दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमा निघत, त्यामागे नद्यांचे ओसरणे हेही एक कारण होते.

१८१७ मध्ये धारवाड इंग्रजांकडे गेले. पुढे या भागात नदीच्या एका तीरावर मुंबई इलाख्यातील राणीबेन्नूर तालुका, तर दुसऱ्या तीरावर म्हैसूर संस्थानातील हरिहर अशी वाटणी राहिली. त्या हरिहरातच होयसळकाळी, तेराव्या शतकात, विष्णू व शिव यांना एकाच मूर्तीत पाहणारे मंदिर उभे राहिले होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला. आमच्या दक्षिणेस असलेली राज्यसीमा एका दिवसात उत्तरेस गेली. नदी मात्र होती तेथेच राहिली. १९९७ पासून ती येथे हावेरी व दावणगेरे या जिल्ह्यांची हद्द आहे.

यावरून दिसते की, पाणी निसर्गाचे. सीमा मनुष्याने ठरविलेली. हुबळी-धारवाडात कानडी व मराठी या दोन्ही भाषा सीमा बदलण्यापूर्वी नांदत होत्या, नंतरही नांदत आहेत. दोन्ही भाषांतून निघणाऱ्या या ग्रंथाच्या वाचकाने एवढे ध्यानी ठेवावे, की राज्याची रेषा कोठेही गेली, तरी शेजार तेथेच राहतो.