खिडकीची काच : जाडी किती असावी?

घराच्या नूतनीकरणात फरशी आणि रंग यांवर आठवडेच्या आठवडे खल होतो. खिडकीच्या काचेची जाडी मात्र बहुधा कंत्राटदारच ठरवितो. लहान तावदानाला ४ मि.मी.ची काच पुरतेही. परंतु तावदान मोठे असले किंवा घर वरच्या मजल्यावर असले, की वाऱ्याचा दाब निर्णायक ठरतो. भारतीय मानक ८७५ (भाग ३) नुसार वाऱ्याचा मूलभूत वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, तर पुण्यासाठी ३९ मीटर धरतात. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एवढ्या फरकानेही तो सुमारे सव्वापट होतो.

जाडीचा हिशेबही असाच आहे. त्याच आकाराची काच ४ ऐवजी ५ मि.मी.ची घेतल्यास तिची ताकद सुमारे दीडपट, तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. वजन मात्र वाढते : दर मिलिमीटर जाडीमागे चौरस मीटरला अडीच किलो. सरकत्या खिडकीची जुनी चाके ते पेलतील का, हे आधी पाहावे.

टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते. पण तेवढ्याच जाडीची असल्यास ती वाऱ्याने वाकते तितकीच. शिवाय टफन केल्यावर ती कापता येत नाही, म्हणून माप अचूक हवे. फुटल्यास तिचे बारीक, बोथट तुकडे खाली कोसळतात. रस्त्याच्या बाजूच्या उंचावरील खिडकीला म्हणूनच, फुटली तरी तुकडे धरून ठेवणारी लॅमिनेटेड काच बरी. उन्हाच्या तापासाठी जाडी वाढविणे व्यर्थच. आवाजासाठी थोडा उपयोग होतो, तोही चौकटीच्या फटी बुजविल्यानंतर.