पांढऱ्या पेशींची भट्टी

वणी तालुक्यातील राजूर हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले गेले : दगडी कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या. अशा गावच्या श्रोत्यांना ज्वलन म्हणजे काय, हे आम्ही वेगळे काय सांगावे! तोच कोळसा चुलीत घातला तर भाकरी भाजते, आणि चुनखडीबरोबर भट्टीत रचला तर दगडाची चुनकळी होते. जळण एकच, पण हेतू निराळे. एवढा साधा भेद आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींच्या बाबतीत ओळखावयास शास्त्रज्ञांना जवळजवळ तीस वर्षे लागली. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा आरंभ १८८२ साली इटलीतील मेसिना या बंदरात होतो. एली मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरात शिरलेल्या शत्रूला गिळून टाकणाऱ्या या भक्षकपेशी होत, असा सिद्धांत त्याने मांडला. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिक यांच्यासमवेत मिळाले. ओडेसा येथील त्याचा विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन आपल्याला परका नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिनने तेथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्याचेच नाव आहे.

भक्षकपेशी गिळतात हे कळले. पण त्या श्रमाला लागणारे बळ त्या कोठून आणतात? १९३३ साली बाल्ड्रिज व जेरार्ड या दोघांनी कुत्र्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींना जंतू खाऊ घातले आणि त्या किती प्राणवायू घेतात ते मोजले. जंतू समोर येताच त्यांचा श्वास एकदम वाढला. दोघांनी सरळ अनुमान काढले की, काम वाढले म्हणून श्वास वाढला. ओझे घेऊन चढ चढणाऱ्या हमालाला धाप लागते, तसेच हे. अनुमान सयुक्तिक होते. पण ते खरे नव्हते.

१९५९ साली स्बारा व कार्नोव्स्की यांनी निराळी वाट धरली. पेशींचा श्वास कोंडणारी द्रव्ये त्यांनी घातली. तरी पेशी जंतू गिळतच राहिल्या! उलट, प्राणवायूवाचून साखर फोडण्याची जी क्रिया आहे, ती अडविताच गिळणे थांबले. या क्रियेत लाभ थोडा. साखरेच्या एका रेणूमागे एटीपी या शक्तिवाहक द्रव्याचे दोनच रेणू पदरी पडतात. पूर्ण ज्वलनाने ते अदमासे तीस मिळतात. मग पेशीने असा तोट्याचा व्यवहार का पत्करावा? कारण तिचे रणांगण म्हणजे सुजलेली, पू झालेली जागा. तेथे प्राणवायूचा दुष्काळ असतो. म्हणून ती साखरेचा साठा गाठीला बांधूनच निघते.

तर मग तो वाढलेला श्वास कशासाठी? १९६१ साली अय्यर, इस्लाम व क्वास्टेल यांनी दाखविले की, जंतू गिळणाऱ्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. तो प्राणवायू चुलीसाठी नव्हताच. तो भट्टीसाठी होता! साखरेचा काही भाग दुसऱ्या मार्गाने वळवून पेशी प्राणवायूपासून शस्त्र घडविते. पुढे त्याच पेरॉक्साइडापासून हायपोक्लोरस आम्ल होते. चुनकळी विझवून केलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडला म्हणजे ब्लीचिंग पावडर बनते, आणि ती विहिरीत टाकल्यावर जंतू मारण्याचे काम हेच आम्ल करते. म्हणजे विहीर शुद्ध करण्याची ही युक्ती आपल्या रक्ताला आपल्या आधीपासून अवगत होती. ही भट्टी जन्मतः बंद असलेली काही मुले असतात. त्यांच्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. १९६७ साली होम्स, पेज व गुड यांनी या मुलांच्या पेशींत तो वाढीव श्वासच नसतो असे दाखविले, आणि शंकेला जागा उरली नाही.

आता खाणीकडे वळू. फुप्फुसात मोठ्या भक्षकपेशी पहारा करतात. तेथे हवा मुबलक, म्हणून त्या मात्र आपले बळ बव्हंशी प्राणवायूच्या ज्वलनातूनच मिळवितात. कोळशाची व दगडाची बारीक धूळ आत आली की त्या ती गिळतात. पण गारेच्या दगडाचा कण जंतू नव्हे. त्याला मारावयाचे काय? १९६६ साली ॲलिसन व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, गिळलेला असा कण पेशीतील पाचक रसाच्या पिशव्या फोडतो आणि पेशी मरते. कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते, तीही मरते. शत्रूसाठी पेटविलेल्या भट्टीची झळ फुप्फुसालाच लागते, आणि तेथे व्रणासारखी कठीण गाठ धरते. एकदा कठीण झालेला तो भाग पुन्हा मऊ होत नाही.

या झुंजीत पेशीला शक्ती कमी पडत नाही. तिच्याजवळ जळण आहे, शस्त्र आहे, शौर्यही आहे. पण समोरचा शत्रू मरणारा नाही. म्हणून येथे पौष्टिक खाऊन भागत नाही आणि खोकल्याचे औषध घेऊनही भागत नाही. धूळ छातीत जाऊ न देणे हाच उपाय. भोक पाडताना पाण्याचा मारा, खाणीत खेळती हवा, ठराविक मुदतीने छातीची तपासणी. १९५२ च्या खाण कायद्यात अशा रोगांची खबर सरकारला देण्याची तरतूद करण्यात आली, ती याच जाणिवेने.

पांढरी पेशी आपले काम चोख करते. धूळ अडविण्याचे काम मात्र तिचे नव्हे. ते खाण चालविणाऱ्यांचे, आणि त्यांना त्याची आठवण देणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.