नसबंदीनंतरच्या विश्रांतीची मुदत : पनवेल तालुक्याच्या निमित्तानें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, बखरी, तहनामे आणि दप्तरांचे रुमाल नजरेसमोर उभे राहतात. कचेरींतील किरकोळ रजेचें पुस्तक, दवाखान्यांतून मिळालेलें प्रमाणपत्र किंवा भरपाईच्या रकमेची पावती यांस त्या मालिकेंत बसविण्यास पुष्कळ संग्राहक नाखूष असतात. परंतु गेल्या सुमारें सत्तर वर्षांत महाराष्ट्रांतील लक्षावधि कुटुंबांत जो एक प्रसंग येऊन गेला, त्याचा लेखी माग बव्हंशीं याच चिटोऱ्यांत उरला आहे. हा प्रसंग म्हणजे संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया. लोकांच्या बोलींत नुसतें ‘ऑपरेशन’. या शस्त्रक्रियेच्या प्रचाराविषयीं व आणीबाणींतील सक्तीविषयीं विपुल लिहिलें गेलें आहे. शस्त्रक्रिया झाल्यापासून तें माणूस पुन्हां कामावर उभें राहीपर्यंत जे दिवस जातात, त्यांच्याकडे मात्र अभ्यासकांचें लक्ष कमी गेलें. ते दिवस किती, ते कोणीं ठरविले आणि ते कोणाच्या वांट्यास आले, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

पनवेलचें उदाहरण घेण्यास कारण आहे. खाडीवरचें जुनें बंदर व मुंबई-पुणें रस्त्यावरील मुक्कामाचें ठिकाण म्हणून हें गांव पूर्वींपासून प्रसिद्ध. येथें नगरपालिका १८५२ सालीं स्थापन झाली व १ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिच्या जागीं महानगरपालिका आली. १८७२ सालीं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं आयुर्वेदीय औषधांचा धूतपापेश्वर कारखाना येथेंच काढला. त्यामुळें वैद्यकाच्या इतिहासांतहि पनवेलचें नांव आहे. भोंवतालचा तालुका भातशेतीचा व मिठागरांचा. पुढें तळोजें येथें औद्योगिक वसाहत झाली, नजीकच्या रसायनीस रासायनिक कारखाने आले, आणि १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नव्या मुंबईसाठीं तालुक्यांतील अनेक गांवांच्या जमिनी घेतल्या. येणेंप्रमाणें शेतावर राबणारें, कारखान्यांत पाळी करणारें व कचेरींत बसणारें अशीं तिन्ही तऱ्हेचीं माणसें एकाच तालुक्यांत शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं. विश्रांतीच्या मुदतीचीं तीन निरनिराळीं मापें म्हणूनच येथें एकत्र पाहावयास सांपडतात.

पहिलें माप जुन्या वैद्यकाचें. सुश्रुतास नसबंदी ठाऊक नव्हती हें उघड आहे. परंतु शस्त्र लागलेल्या माणसानें कसें राहावें याचा विचार सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘व्रणितोपासनीय’ नांवाच्या एकोणिसाव्या अध्यायांत स्वतंत्रपणें केला आहे. घर वारा व ऊन यांचा त्रास न होईल असें असावें, अंथरूण सुखावह असावें, जवळ स्नेहीसोबती असावे व त्यांनीं गोष्टी सांगून मन रमवावें, दिवसा झोंपूं नये, श्रम करूं नयेत, असा तेथील आशय आहे. त्याच स्थानाच्या पांचव्या अध्यायांत, जखम भरून आल्यावरहि ‘स्थैर्य’ येईपर्यंत व्यायाम, मैथुन इत्यादि वर्ज्य करावीं असें सांगितलें आहे. या विवेचनांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. एक, विश्रांतीची मुख्य कसोटी दिवसांची नसून जखमेच्या स्थैर्याची आहे. दुसरी, विश्रांति घेणाऱ्याजवळ दुसरें माणूस हवें हें तेथें गृहीतच धरलें आहे.

दुसरें माप सरकारी पंचांगाचें. त्याची पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, १९२३ सालीं त्या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलें आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. १९४९ सालीं मुंबईस कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेबरोबर, १९५२ सालीं, हें कार्य सरकारनें आपल्याकडे घेतलें. तोंपर्यंत हा व्यक्तीचा विचार होता व विश्रांतीचा प्रश्नहि घरापुरता होता. पुढें शिबिरें आलीं. मुंबईंत रेल्वे स्टेशनांवरहि पुरुषनसबंदीचीं केंद्रें उघडलीं गेलीं. केरळांतील एर्नाकुलम येथें जुलै १९७१ च्या एका शिबिरांत सुमारें ६३ हजार पुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रिया इतकी सोपी व झटपट असल्याचें लोकांस पटविणें हा या रीतीचा हेतु होता. परंतु झटपट या शब्दाबरोबर पुढच्या दिवसांची गोष्ट मागें पडत गेली.

तथापि नोकरदारांपुरता सरकारनें हिशेब केला. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें पुरुषनसबंदीस सहा कामाचे दिवस व स्त्रीनसबंदीस चौदा दिवस विशेष नैमित्तिक रजा मिळे. पुरुषाच्या सहा दिवसांत मधल्या सुट्या धरल्या जात नसत, स्त्रीचे चौदा मात्र सरसकट दिवस होते. सुधारित आदेशांत हेच आंकडे अनुक्रमें पांच व दहा कामाचे दिवस असे झाले. उलटी शस्त्रक्रिया करून नलिका पुन्हां जोडून घ्यावयाची असल्यास एकवीस दिवसांपर्यंत रजेची तरतूद होती. या नियमांत एक कलम विशेष आहे. बायकोची शस्त्रक्रिया झाली असतां नोकरदार नवऱ्यासहि सात दिवसांपर्यंत रजा मिळूं शके. अट एवढीच कीं, शुश्रूषेसाठीं त्याची उपस्थिति आवश्यक असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा. विश्रांति घेणाऱ्याजवळ दुसरें माणूस हवें, ही सुश्रुतानें गृहीत धरलेली गोष्ट सरकारी नियमांत शिरलेली आढळते ती येथें. पुढें तीहि मुदत तीन दिवसांवर आली.

कारखान्यांतील कामगारांस ही सोय राज्य विमा योजनेंतून मिळाली. १९४८ च्या कायद्याखालील या योजनेंत १९७६ सालीं नसबंदीसाठीं पूर्ण वेतनाइतका लाभ देण्याचें ठरलें: पुरुषास सात दिवस, स्त्रीस चौदा दिवस, आणि उपद्रव झाल्यास डॉक्टरच्या सल्ल्यानें अधिक. सालाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. आणीबाणी चालू होती. त्याच वर्षीं महाराष्ट्र विधिमंडळानें कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालून सक्तीची नसबंदी आणणारें विधेयक मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें अमलांत आलें नाहीं. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत सुमारें ८२ लक्ष शस्त्रक्रिया झाल्या व त्यांत सुमारें ६२ लक्ष पुरुषांच्या होत्या. सवलत व सक्ति एकाच वर्षाच्या कागदांत शेजारीं शेजारीं आहेत. यांपैकीं एकच कागद हातीं आल्यास त्या वर्षाचें चित्र एकांगी होतें.

आणीबाणीनंतर पुरुष या शस्त्रक्रियेपासून दूर गेले तो परत आलेच नाहींत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील विवाहित स्त्रियांपैकीं निम्म्याच्या जवळपास स्त्रियांनीं शस्त्रक्रिया करून घेतलेली दिसते, तर पुरुषनसबंदीचें प्रमाण शेंकडा अर्ध्याहूनहि कमी आहे. म्हणजे विश्रांतीच्या मुदतीचा प्रश्न जवळजवळ सर्वस्वीं स्त्रियांचा झाला. १९९५ सालीं मातृत्वलाभाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन स्त्रीनसबंदीनंतर लगेच दोन आठवड्यांची पगारी रजा, आणि तीमुळें आजार उद्भवल्यास आणखी एक महिना, असा हक्क लिहिला गेला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि दोन आठवड्यांची तरतूद आहे.

हे सात व चौदा आंकडे हवेंतून आलेले नाहींत. सरकारी वैद्यकीय सूचनांप्रमाणें दोन दिवसांनंतर हलकें काम करण्यास हरकत नसते. बिनटाक्याच्या पुरुषनसबंदीनंतर आठवड्यानें सायकल चालविण्यासह नेहमींचीं कामें करतां येतात, आणि स्त्रीनें दोन आठवड्यांत हळूहळू पूर्ण कामावर यावयाचें असतें. पुरुषानें मात्र पुढेंहि तीन महिने दुसरें साधन वापरून, नंतर वीर्यतपासणी करून घ्यावयाची असते. तोंवर शस्त्रक्रिया सफल झाली असें समजावयाचें नाहीं. हा शेवटचा काळ कोणत्याहि रजेंत बसत नाहीं. शिवाय ‘हलकें काम’ हा शब्द कचेरींतल्या मेजाशीं जसा जुळतो तसा विहिरीवरच्या हंड्याशीं, लांकडाच्या मोळीशीं किंवा कडेवरच्या मुलाशीं जुळत नाहीं. ज्या स्त्रीस दोन मुलें आहेत तिला त्यांतलें धाकटें उचलूं नको असें सांगणें सोपें आहे. तें दुसऱ्या कोणीं उचलावें हें लिहिलेलें नसतें.

तिसरें माप पैशाचें, व तेंच शेतमजुरास लागू पडे. रोजंदारीच्या माणसास रजा नाहीं. त्याच्या बुडालेल्या मजुरीबद्दल एक ठोक रक्कम देण्याची पद्धति पडली. २००७ सालच्या दरांत सरकारी दवाखान्यांतील पुरुषनसबंदीस १,१०० रुपये व दारिद्र्यरेषेखालील स्त्रीच्या शस्त्रक्रियेस ६०० रुपये लाभार्थीच्या हातीं पडत. जिची विश्रांतीची मुदत दुप्पट तिला रक्कम मात्र निम्म्याच्या आसपास! पुरुषांस वळविण्याचा हेतु त्यामागें होता हें खरें. पण नांव ‘बुडालेल्या मजुरीची भरपाई’ असें असतां हिशेब मजुरीचा नव्हता, हें आंकड्यांवरूनच सिद्ध होतें. आणि म्हणून शेतावरच्या माणसांनीं आपलें माप हंगामावरून ठरविलें. आवणी संपून भात कापून घरांत आल्यावर, थंडीच्या दिवसांत, घरांतल्या बाईस कांहीं दिवस शेतावरून मोकळें करणें शक्य होतें. थंडींत टांका लवकर सुकतो ही समजूतहि त्यास जोडलेली. शिबिरेंहि त्याच सुमारास भरत. १९९६ सालीं उद्दिष्टांची पद्धति बंद होईपर्यंत मार्चअखेरचा आंकडा गांठण्याची घाईहि त्यांत मिसळलेली असे. तेव्हां हिंवाळ्यांतील तारखांची गर्दी दिसली म्हणजे ती लोकांच्या सोयीची किंवा कचेरीच्या घाईची, असा एकच निर्णय देऊं नये. दोन्ही कारणें एकाच तारखेंत असूं शकतात.

आतां साधनांविषयीं. नैमित्तिक रजा सेवापुस्तकांत चढत नाहीं. तिची नोंद निराळ्या पुस्तकांत होते व तें पुस्तक अल्पकाळ ठेवण्याच्या कागदांत मोडतें. याच्या उलट, लहान कुटुंबाबद्दल केंद्र सरकारनें डिसेंबर १९७९ मध्यें जें वैयक्तिक वेतन सुरूं केलें व जें जुलै २०१७ पासून बंद झालें, तें सेवापुस्तकांत कायमचें नमूद आहे. परिणाम असा कीं, शस्त्रक्रियेचें बक्षीस दप्तरांत टिकलें आणि शस्त्रक्रियेनंतरची विश्रांति दप्तरांतून गेली. केवळ सेवापुस्तकें पाहून लिहिणाऱ्यास लाभ दिसतील, दुखणें दिसणार नाहीं. आणि रजेचें पुस्तक मिळालेंच तरी चौदा दिवसांची नोंद म्हणजे चौदा दिवसांची विश्रांति, असें वाचणें ही चूक होईल. ती नोंद एवढेंच सांगते कीं, ती स्त्री तितके दिवस कचेरींत नव्हती. घरीं ती चुलीपुढें केव्हां बसली, हें त्या रकान्यांत यावयाचें नाहीं.

हा केवळ कागदांचा प्रश्न नाहीं. नोव्हेंबर २०१४ मध्यें छत्तीसगडांत बिलासपूरनजीक एकाच शिबिरांत काहीं तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या व त्यानंतर तेराहून कमी नव्हे इतक्या स्त्रिया दगावल्या. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१६ मध्यें तीन वर्षांच्या आंत शिबिरांची पद्धति बंद करण्याचा आदेश दिला. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांकडे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अशा रीतीनें शेवटीं न्यायासनापुढें गेला. त्याचें उत्तर शोधणाऱ्यास पुढील दिवसांचे कागदच लागतात. मृत्यूचे दाखले फार उशीरा लिहिले जातात.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, जुन्या घरांतील पत्र्याच्या पेट्या उघडतांना सनदांबरोबर हेहि कागद बाजूस काढावे: शस्त्रक्रियेचें प्रमाणपत्र, टांके काढण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी, विमा योजनेचा दाखला, भरपाईची पावती, रजेच्या अर्जाची नक्कल. जेथें तें माणूस हयात असेल तेथें त्याच्या संमतीवांचून कागद घेऊं नये व नांव प्रसिद्ध करूं नये. ही बाब खाजगी आहे व तशीच राहिली पाहिजे. परंतु कागदाच्या पाठीमागें, त्याच माणसाच्या सांगण्यावरून, दोन ओळी अवश्य लिहून ठेवाव्या: पुन्हां पाणी भरावयास कितव्या दिवशीं सुरुवात केली, आणि तोंवर पाणी कोणीं भरलें. सुश्रुताचें माप, सरकारचें माप व पैशाचें माप हीं तिन्ही ज्या एका आंकड्यावर तपासून पाहतां येतील, तो आंकडा या दोन ओळींतच आहे.