चान्या : मराठवाड्यातील भाजलेल्या मांसाचा सामाजिक इतिहास

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्यामुळे कळमनुरी, वसमत वा सेनगाव परिसरातील आहाराचा इतिहास मराठवाड्याच्या आणि १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीच्या इतिहासातच शोधावा लागतो.

युरोपीय घरात कौटुंबिक जेवणासाठी गोमांसाचा अखंड तुकडा भट्टीत भाजला जातो. त्यासाठी भट्टी, मुबलक सरपण आणि विकत आणलेले ताजे मांस लागते. मराठवाड्यातील दलित वस्तीत यांपैकी काहीच सहज उपलब्ध नव्हते. मेलेले जनावर ओढून नेणे हे बलुतेदारीत महारांचे काम आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला. मांस एकदम हाती येई, नंतर कित्येक दिवस येत नसे. म्हणून ते टिकविणे ही पहिली गरज होती. त्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळविल्या जात. त्याच चान्या. पुढे त्या चुलीतल्या निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खाल्ल्या जात किंवा कालवणात शिजविल्या जात. तेलातुपाचा अभाव हा येथे रुचीचा नव्हे, ऐपतीचा प्रश्न होता. कापणे, वाळविणे, राखणे हे श्रम मुख्यतः स्त्रियांचे; पाकशास्त्राच्या प्रस्थापित पुस्तकांत मात्र त्यांची नोंद आढळत नाही.

मार्च १९२७ मधील महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. हा केवळ आहाराचा प्रश्न नव्हता. मांस नाकारणे म्हणजे त्यामागची सक्तीची गावकी नाकारणे होते. ज्या घरात दुसरे अन्न नव्हते, तेथे या नकाराची किंमत उपासाने मोजावी लागली. १९५६ च्या धर्मांतरानंतर हा त्याग अधिक दृढ झाला. परंतु मृत मांसाचा त्याग आणि बाजारातून विकत आणलेल्या मांसाचा त्याग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासकही अनेकदा त्यांची गल्लत करतात.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाने महारवाड्यातील हे जीवन साहित्यात आणले. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन प्रसिद्ध केले. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील महार-मांगांचे पदार्थ कृतींसह नोंदविले गेले. ज्या अन्नामुळे माणूस हिणविला गेला, तेच अन्न लिहून ठेवावे की विसरावे, हा पेच या लेखनाच्या मुळाशी आहे.

योगायोग असा की, याच २०१५ साली गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. १९७६ च्या कायद्यानुसार निरुपयोगी ठरलेल्या बैलाच्या कत्तलीस दाखला मिळत असे. ती वाट बंद झाली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मात्र परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. म्हैस या बंदीबाहेर राहिली.