गळाला न लागणारा मासा

सिएटलच्या उत्तरेला एडमंड्स नावाचं गाव आहे. तिथे समुद्रात शिरणारा एक सार्वजनिक धक्का आहे, खास गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी. लायसन्स काढायचं आणि कठड्याला टेकून उभं राहायचं. होडी लागत नाही की कुणाची ओळख लागत नाही. विषम सालांच्या ऑगस्टमध्ये पिंक सॅल्मन येतो, तेव्हा तिथे खांद्याला खांदा लागतो. पिंक मिळतो, कोहो मिळतो. सॉकाय मात्र जवळजवळ नाहीच. आणि घरी सगळ्यांना हवा असतो नेमका तोच! दुकानात लालभडक तुकडा दिसतो ना, तो सॉकाय.

याचं कारण त्याच्या कल्ल्यांत आहे. तिथे दाट फणीसारखे दाते असतात. त्यांनी पाणी गाळून तो जवळ्याएवढे बारीक जीव खातो, आणि त्यांच्यातल्या रंगानेच त्याचं मांस लाल होतं. त्यात एकदा नदीची ओढ लागली की भूकही मंदावते. त्यामुळे आमिषाला फसणारा हा गडी नव्हे. अर्थात अगदीच अशक्य नाही. कॅनडात पोर्ट अल्बर्नीच्या खाडीत होडीमागून गुलाबी रबरी आमिषं अगदी हळू ओढतात, तिथे खाऱ्या पाण्यातही तो चांगला लागतो. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये तर नुसते रिकामे गळ ओढून लोकांनी तो पकडलाय. पण धक्क्याला हळू चालता येत नाही ना :)

मग पूर्वीची माणसं समुद्रात हा मासा धरायची कशी? मला यातच जास्त रस आहे.

लमी, सानिच वगैरे सेलिश लोकांनी त्याला आमिष दाखवलंच नाही. त्यांनी त्याची वाट ओळखली. फ्रेझर नदीकडे निघालेले थवे ठरावीक बेटांना, ठरावीक खडकांना वळसा घालून जातात. तिथे दोन होड्या नांगरून मध्ये विलोच्या सालीच्या दोऱ्यांचं जाळं टांगायचं. समोर गवत खोवलेल्या दोरांची एक वाट करायची, म्हणजे माशाला वाटावं की तळच वर येतोय. थवा जाळ्यावर आला की वरून टेहळणारा ओरडणार, जाळं उचलणार. याला रीफनेट म्हणतात. आपल्याकडे कोळी खुंट रोवून डोल लावतात, तिथेही मासा प्रवाहानेच येतो आणि कोणाचा खुंट कुठे हे गावात ठरलेलं असतं. रीफनेटच्या जागाही अशाच घराण्यांच्या असत. सानिच लोक तर जाळ्यात एक कडं मुद्दाम ठेवत, काही मासे निसटून पुढे जावेत म्हणून.

म्हणजे या माशाच्या बाबतीत कौशल्याइतकीच जागा महत्त्वाची. जागा गेली की सगळंच गेलं.

२२ जानेवारी १८५५ रोजी मकल्टिओला, म्हणजे एडमंड्सच्या थोडंसं वर, इथल्या जमातींनी करारावर सह्या केल्या. जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखला, 'इतर नागरिकांबरोबरीने'. पुढे डबाबंद सॅल्मनचे कारखाने आले. पॉइंट रॉबर्ट्सला अलास्का पॅकर्स असोसिएशनचे खांब-जाळ्यांचे सापळे लमींच्या रीफनेटच्या वाटेवरच उभे राहिले. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८९७ साली लमी हरले. हक्क सगळ्यांबरोबरीचा आहे ना, मग कंपनीलाही आहे, असा एकंदर सूर. कागदावरच्या एका शब्दाने काय होतं बघा.

१९१३ साली फ्रेझरच्या सॉकायच्या सुमारे २४ लाख पेट्या भरल्या, पेटीला ४८ डबे! त्याच सुमारास हेल्स गेटच्या घळीत रेल्वेसाठी फोडलेला दगड नदीत ढकलला जात होता. फेब्रुवारी १९१४ मध्ये कडाच कोसळला. सॉकाय साधारण चार वर्षांनी परततो, म्हणून हिशेब १९१७ ला कळला: उत्पादन पाव भागाच्या आसपास. माशांना वर चढायला नीट वाट बांधली गेली ती १९४५-४६ मध्ये. वॉशिंग्टन राज्याने ते सापळे १९३४ साली मतदान घेऊन बंद केले खरे, पण म्हणून लमींना जागा परत मिळाल्या असं नाही.

त्यासाठी १९७४ उजाडावं लागलं. न्यायाधीश बोल्ट यांनी त्याच 'बरोबरीने'चा अर्थ लावला, की पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा करार केलेल्या जमातींचा. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय मुख्यतः उचलून धरला.

धक्क्यावर आजही कुरकुर ऐकू येते, "निम्मे मासे त्यांना, आणि आम्ही इथे थंडीत उभे." मी एकदा एका आजोबांना १८९७ चा खटला सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण तेव्हा मी नव्हतो." खरंय, मीही नव्हतो. मी तर आत्ता आत्ता आलोय, आणि तरी काही डॉलरमध्ये मला या किनाऱ्यावर एक जागा मिळते. मला ती फार आवडते, आणि ती किती स्वस्त पडली हेही डोक्यातून जात नाही.

असो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या पेंडर बेटाजवळ सानिच लोकांनी, जवळजवळ शंभर वर्षांनी, आपलं रीफनेट पुन्हा पाण्यात सोडलं. आपल्या जुन्याच जागी.